युजर प्रोव्हिजनिंगला 'तरतूद' म्हणावं का?

कळफलक: 'ऑटोमेटेड युजर प्रोव्हिजनिंग'चं 'स्वयंचलित वापरकर्ता तरतूद' असं भाषांतर वाचलं. बरोबर वाटतं का? आणि डीप्रोव्हिजनिंगला काय म्हणायचं?

खतावणी: तरतूद अर्थसंकल्पात होते, नाहीतर मुलांच्या शिक्षणाची. इथे काहीच बाजूला काढून ठेवत नाहीत. एचआरच्या नोंदीत माणूस आला की एन्ट्रा किंवा ओक्टा (कर्मचाऱ्यांची ओळख आणि लॉगिन सांभाळणाऱ्या सेवा) 'स्किम' या खात्यांची माहिती ॲपला कळवायच्या प्रोटोकॉलने एकेका ॲपमध्ये त्याचं खातं उघडतं आणि त्याच्या गटाप्रमाणे अधिकार लावतं. कामं दोन असल्यामुळे 'खाते उघडणे' तोकडं पडतं. ऑफिसात सगळे 'ॲक्सेस देणे', 'ॲक्सेस काढणे' म्हणतात, तेच लिहावं.

मोडी_वाचक: आणि जॉइनर-मूव्हर-लीव्हरला सरकारी मराठीत आयते शब्द आहेत: रुजू, बदली, कार्यमुक्त. खरा घोळ बदलीत होतो. खरेदीतला माणूस लेखा विभागात गेला की नवा गट लगेच मिळतो, जुना कुणी काढत नाही. मग ऑर्डर काढणारा आणि तिचं बिल मंजूर करणारा एकच! म्हणून बदलीच्या नियमात 'जुना गट काढणे' ही पायरी वेगळी लिहा.

कळफलक: मग कार्यमुक्त झाल्यावर 'खाते बंद करणे' चालेल?

खतावणी: ढोबळ आहे. 'निष्क्रिय करणे', 'हटवणे' आणि 'सत्र तोडणे' (चालू लॉगिन संपवणे) ही तीन वेगळी कामं. स्किममध्ये निष्क्रिय करणं म्हणजे पॅच (नोंदीत बदल करायच्या) विनंतीत 'ॲक्टिव्ह'ची किंमत फॉल्स पाठवणं. एन्ट्रा ही किंमत अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून पाठवतं असा अनुभव जुना आहे. ॲपने फक्त बूलियन (अवतरणचिन्हांशिवायचं ट्रू/फॉल्स) वाचायचं ठरवलं असेल तर विनंती फेटाळली जाते आणि खातं चालूच राहतं. तिथे टेनंट यूआरएलला (एन्ट्रात भरलेल्या ॲपच्या स्किम पत्त्याला) स्किमशी अनुरूपतेचा फ्लॅग जोडावा, किंवा ॲपने दोन्ही रूपं स्वीकारावीत. शिवाय एन्ट्राची बदल पाठवायची फेरी साधारण 40 मिनिटांनी येते. तातडीने काढायचं असेल तर 'प्रोव्हिजन ऑन डिमांड' (फेरीची वाट न पाहता लगेच पाठवणं) वापरा.

निष्क्रिय केल्याने उघडं सत्र आपोआप तुटतंच असं नाही. त्या माणसाने बनवलेली एपीआय की (प्रोग्रॅमला ॲपमध्ये शिरू देणारी गुप्त किल्ली) तर बऱ्याच ॲपमध्ये तशीच जिवंत राहते. अशा कींची यादी वेगळी तपासावी लागते.

मोडी_वाचक: 'जुळणी' हाही शब्द आपल्या शब्दयादीत घ्या. एचआरची नोंद ई-मेलवर जुळवली आणि आडनावाबरोबर ई-मेल बदलला, तर त्याच व्यक्तीचं दुसरं खातं उघडू शकतं. जुळणी कर्मचारी क्रमांकावर करावी.

कळफलक: 'जस्ट-इन-टाइम'सुद्धा ऑटोमेटेड प्रोव्हिजनिंगच ना?

खतावणी: अर्धंच. सॅमलने (कंपनीच्या एकाच लॉगिनने ॲपमध्ये शिरायच्या पद्धतीने) पहिल्यांदा लॉगिन केलं की खातं तयार होतं, एवढंच. सोडून गेलेला माणूस पुन्हा लॉगिन करायला येत नाही, त्यामुळे त्याचं खातं बंद करायचा निरोप ॲपला मिळतच नाही. त्याला 'लॉगिनसोबत खाते उघडणे' म्हणा. 'ॲक्सेस काढणे' त्यात धरू नका.