लंबगोल कणांचा ढीग घट्ट बसतो, पण संपर्क कमी भरतात. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घर्षण नसलेले लंबगोल कण डीईएममध्ये (प्रत्येक कणाची हालचाल वेगळी मोजणारं संगणकीय सिम्युलेशन) दाबून त्यांची घट्ट भरण करतोय. घनतेची (एकूण जागेपैकी कणांनी व्यापलेला भाग) तक्रार नाही. गोलांना ०.६४ च्या आसपास, कण थोडे लांबट केले की ती चढते, लांबी रुंदीच्या दीडपट झाली की ०.७ च्या घरात जाते आणि पुढे उतरते. २००४ साली डोनेव्ह आणि मंडळींनी हेच दाखवलं होतं.

घोडं अडलंय संपर्क मोजताना. गोलाला सरकण्याच्या ३ डिग्री ऑफ फ्रीडम (हलण्याच्या स्वतंत्र दिशा). एक संपर्क दोन कणांत वाटला जातो, म्हणून कणामागे सरासरी ६ संपर्क लागतात. लंबगोलाला फिरण्याच्या आणखी २ (स्वतःच्या अक्षाभोवतीचं फिरणं धरत नाही), म्हणजे १० हवेत. लांबी १.१ पट असताना मला जेमतेम ८ मिळतात. रॅटलर (ढिगात सैल राहिलेले, भार न पेलणारे कण) वगळलेत. तरी ढीग ढिम्म हलत नाही! माझा संपर्क शोधणारा कोड गंडलाय का? लंबगोलाऐवजी गोल चिकटवून कण बनवले तर चालेल?

प्रतिसाद:

कोडला दोष देण्याआधी एक बघा. तुमचा हिशोब संपर्काच्या जागी पृष्ठभाग सपाट धरतो. प्रत्यक्षात तो वक्र असतो, आणि ती वक्रताच काही फिरणं अडवते. म्हणून ६ ते १० च्या मधली संख्या असूनही ढीग घट्ट राहतो.

पडताळायचं असेल तर दाब जवळपास शून्यावर आणा आणि कंपनांच्या मोडा (ढिगाच्या कंपनाचे मूळ प्रकार) काढा. काही मोडांमध्ये ऊर्जा विस्थापनाच्या वर्गाने न वाढता चौथ्या घाताने वाढेल: विस्थापन दुप्पट, ऊर्जा सोळापट. जेवढे संपर्क कमी, तेवढ्या या मोडा. सरासरी ८ असेल तर १० ला २ कमी पडतात, आणि एक संपर्क दोन कणांत वाटला जात असल्याने कणामागे १ भरायला हवी. भरली तर कोड बरोबर. दाब जास्त ठेवलात तर ऊर्जेत वर्गाचं पद डोकावतं आणि सगळा घोळ होतो.

गोल चिकटवू नका. मधल्या खाचा एकमेकींत अडकतात आणि घर्षणगुणांक शून्य ठेवूनही घर्षण शिरतं. साधा आकार हवा असेल तर दोन्ही टोकांना अर्धगोल असलेला दंडगोल घ्या. दोन अक्षरेषाखंडांमधलं किमान अंतर काढलं की संपर्क कळतो. फक्त समांतर पडलेल्या जोड्या वेगळ्या मोजा, तिथे संपर्क बिंदूत नसून रेषेत असतो.