मदत हवी आहे: पीटी-६ चं एफसीयू एकदा मंद, एकदा सुसाट. असं का?

कुडाळी_पाना
मंडळी, एएमईच्या (विमान देखभाल अभियंता परवान्याच्या) मॉड्यूल १५ चा अभ्यास चाललाय आणि एफसीयूपाशी, म्हणजे इंजिनाला किती इंधन द्यायचं ते ठरवणाऱ्या फ्युएल कंट्रोल युनिटपाशी, घोडं अडलंय. सेसना कॅरव्हान विमानाचं पीटी-६ टर्बोप्रॉप इंजिन, बेंडिक्सचं न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणारं) युनिट. पी-३ हवेची (काँप्रेसरमधून येणाऱ्या दाबाच्या हवेची) नळी गळली तर इंजिन किमान इंधनावर येतं म्हणतात. आणि एफसीयूचं ड्राइव्ह कपलिंग तुटलं तर सुसाट सुटतं. डबा एकच, मग बिघाडाची दोन टोकं कशी? आकृती पाठ आहे, डोक्यात बसत नाही. शिवाय चिपी-रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावर उभ्या विमानाला यात काय वेगळं सांभाळावं लागतं?

हँगरचा_कोपरा
इंधन क्षणभर विसरा, हवेच्या मागे चला.

पंपाकडून पी-१ दाबाचं इंधन मीटरिंग व्हॉल्व्हवर येतं, पलीकडे निघतं ते पी-२. बायपास व्हॉल्व्ह या दोहोंतला फरक कायम राखतो आणि जास्तीचं इंधन पंपाकडे परत पाठवतो. म्हणजे इंधन किती जाणार ते मीटरिंग व्हॉल्व्ह किती उघडलाय यावरच ठरतं. त्याला हलवतात बेलोज, म्हणजे दाबाने फुगणारे-आकसणारे धातूचे भाते. काँप्रेसरची पी-३ हवा बारीक भोकांतून येते, तिचेच पीएक्स आणि पीवाय हे दोन दाब होतात. पीवाय मोठ्या क्षेत्रफळावर दाबतो, म्हणून तो चढला की व्हॉल्व्ह उघडतो, पडला की मिटतो.

आता या पीवायला मुद्दाम ठेवलेली एक फट आहे, गव्हर्नर व्हॉल्व्ह. एनजी (काँप्रेसरचा वेग) वाढला की फ्लायवेट (फिरणारी वजनं) फाकतात, फट उघडते, पीवाय सुटतो, इंधन घटतं. पॉवर लिव्हर पुढे केला की स्प्रिंग ताणली जाते, फट मिटते, इंधन वाढतं.

नळी तडकली तर पीवाय गेला आणि व्हॉल्व्ह मिनिमम फ्लोच्या स्टॉपवर जाऊन बसला. मग लिव्हर कितीही ढकला. कपलिंग तुटलं तर फ्लायवेट थांबले. एफसीयूच्या लेखी एनजी शून्य, ते बिचारं फट मिटून इंधन ओततच राहतं.

कुडाळी_पाना
आता समजला! पण सुसाट सुटल्यावर एनएफ (प्रोपेलर फिरवणाऱ्या पॉवर टर्बाइनचा वेग) गव्हर्नर पीवाय सोडून वाचवेल ना?

हँगरचा_कोपरा
त्याच्या भरवशावर राहू नका. तो जागा होतो प्रोपेलरचा वेग सुमारे १०६ टक्क्यांवर गेला की. पण ताकद वाढली तर प्रोप गव्हर्नर पाती कोर्स (जास्त तिरपी) करून वेग जागच्या जागी धरतो. आरपीएमचा काटा शांत, टॉर्क आणि आयटीटी (टर्बाइनमधलं तापमान) लाल रेषेपार. पॉवर लिव्हर मागे घेऊन उपयोग नाही, फाकायला फ्लायवेटच फिरत नाहीत. उरतो कंडिशन लिव्हरचा कट-ऑफ, म्हणजे इंधनच तोडणं.

उलट हवा गेली तर कॅरव्हानला इमर्जन्सी पॉवर लिव्हर आहे. तो न्यूमॅटिक भागाला वळसा घालून मीटरिंग व्हॉल्व्ह थेट हलवतो. अगदी सावकाश न्यायचा, कारण तिथे ॲक्सिलरेशनला लगाम नाही. स्टार्टच्या वेळी तो नॉर्मलवरच हवा. पुढे राहिला तर हॉट स्टार्ट (सुरू होतानाच तापमान हद्दीपार) ठरलेला. आयटीटीला १०९० अंशांची मुभा फक्त दोन सेकंदांची असते.

मचूळ_पाणी
किनाऱ्याचं मी सांगतो. मीठ काँप्रेसरच्या पात्यांवर बसलं की त्याच टॉर्कला एनजी आणि आयटीटी चढतात. मग कोणीतरी एफसीयूला दोषी धरून स्क्रू फिरवतो. आधी वॉश करा. खाऱ्या हवेत रोज उडणाऱ्या विमानाला दिवसाच्या शेवटच्या उड्डाणानंतर डिसॅलिनेशन (मीठ काढणारा) वॉश लागतो. पाणी डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं). वेळप्रसंगी विहिरीचं मचूळ पाणी वापरलंत तर मीठ काढण्याऐवजी चोपडाल. इग्निशन आणि ब्लीड (काँप्रेसरमधून बाहेर घेतली जाणारी हवा) बंद, कुठली नळी सोडवून बूच मारायचं ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलात बघा, आणि शेवटी ड्राइंग रन (सुकवण्यासाठी इंजिन चालवणं) चुकवू नका.

पी-३ फिल्टर चोंदला तर ॲक्सिलरेशन सुस्तावतं. पावसाळ्यात नळीत साठलेलं पाणी खाली निरुपद्रवी वाटतं, पण आषाढातही साधारण सोळा-सतरा हजार फुटांवर शून्य अंश असतं, तिथे ते गोठतं. किंग एअर विमानात ही नळी विजेने गरम ठेवतात ती त्यासाठीच.

लिव्हर पुढे आणि एनजी मात्र आयडलच्या आसपासच, असं झालं तर एफसीयू उतरवण्याआधी नळ्या बघा. बी-नटला (नळीच्या जोडावरच्या नटाला) मान्य लीक-चेक द्रावण लावा, एक बुडबुडा पुरेसा आहे. क्लॅम्प सोडून खाली बघा, घासून चकाकलेली पट्टी तिथेच सापडते. वरून नळी नवी दिसते. कपलिंगची चाहूल वेगळीच: एफसीयू ड्राइव्हच्या व्हेंटशी निळसर ओघळ. बेअरिंगचं ग्रीस निळं असतं. पंपाच्या सीलमधून आलेलं इंधन ते धुऊन नेतंय. तो डाग पुसून विमान सोडायचं नाही.

हँगरचा_कोपरा
एक पुरवणी. यातलं काही एटीआर ७२-६०० ला लावू नका. २०२१ मध्ये चिपी विमानतळ सुरू झालं तेव्हा उतरलं ते तेच. त्याच्या पीडब्ल्यू१२७ मध्ये इंधनाचा हिशेब इलेक्ट्रॉनिक कंट्रोल करतो. तोंडी परीक्षेत आधी इंजिन कुठलं ते विचारा, मग उत्तर द्या.