समोरच्याने फोन ठेवला तरी आन्सरिंग मशीनचं रेकॉर्डिंग थांबत नाही – मदत हवी आहे

मंडळी, मुक्काम रावेर तालुका. दिवसभर घरचे सगळे केळीच्या बागेत, म्हणून तांब्याच्या तारेच्या लँडलाइनला अमेरिकन बनावटीचं आन्सरिंग मशीन (कोणी नसताना फोन उचलून निरोप रेकॉर्ड करणारं यंत्र) लावलंय. मूळ अ‍ॅडॅप्टर 120 व्होल्टचा, आपल्या 230 ला जळालाच असता. तो काढून 9 व्होल्ट डीसीचा इथला लावला, पोलॅरिटी (प्लस-मायनस) मल्टिमीटरवर तपासून. रोझेटमधून (भिंतीवरच्या फोनच्या डबीतून) वायर मशीनच्या ‘लाइन’मध्ये, फोन ‘टेल’मध्ये. फोन खाली असताना लाइनवर 48 व्होल्ट, उचलल्यावर 8. म्हणजे लाइन ठणठणीत.

चार रिंगनंतर मशीन उचलतं, निरोपही घेतं. पण समोरच्याने फोन ठेवला की पुढे नुसतं टूं… टूं… भरत राहतं. माझा अंदाज: आपला एंगेज टोन (हेच टूं-टूं) 400 हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. अमेरिकेतला 480 आणि 620 हर्ट्झ एकत्र, अर्धा-अर्धा सेकंद. मशीनला आपला टोन ओळखू येत नाही, आणि शांतता नसल्याने तेही थांबत नाही.

सध्या निरोपाची मर्यादा 1 मिनिटावर ठेवलीय, पण ही मलमपट्टीच. 400 हर्ट्झ ओळखून लाइन तोडणारं सर्किट कोणी बनवलंय का? जळगाव-भुसावळकडे तयार मिळेल का? आणि भारनियमनात मशीनचं घड्याळ शून्यावर जातं, त्यावर काय करता?