हेडमास्तर बदलून गेले की शाळा ढासळते, मग त्याला उत्तम नेतृत्व म्हणायचं का?

कापूसपट्टा (धागाकर्ता)

यवतमाळ, वाशीम, अमरावतीच्या खेड्यांतल्या नावाजलेल्या जिल्हा परिषद शाळांची गोष्ट बहुतेक वेळा एकाच वाटेनं जाते. मोडकळीला आलेल्या शाळेवर एक धडपडा मुख्याध्यापक येतो. लोकवर्गणी होते, भिंती बोलक्या होतात, वर्गात प्रोजेक्टर लागतो, पट वाढतो, कॉन्व्हेंटच्या ऑटोत बसणारी काही मुलं परत येतात. पेपरात फोटो येतो, ५ सप्टेंबरला पुरस्कार मिळतो. मग बदली होते, आणि एक-दोन वर्षांत तोच ऑटो पुन्हा गावात शिरतो.

मी स्वतः जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे. अशा माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही माझं मत असं आहे की माणूस गेल्यावर जी शाळा उभी राहत नाही, तिच्या मुख्याध्यापकाला मेहनती म्हणावं, प्रामाणिक म्हणावं, पण उत्तम नेतृत्व म्हणू नये.

चार्ज देताना काय देतात ते बघा. डेडस्टॉक रजिस्टर, कॅशबुक, पासबुक, चाव्या, तांदळाचा शिल्लक साठा. खुर्च्या किती, त्यातल्या मोडक्या किती, सगळं लिहिलेलं असतं. पण तिसरीतली कोणती मुलगी अजून जोडाक्षरांवर अडते, कोणाला हातच्याची वजाबाकी येत नाही, कोणाचं घर दिवाळीनंतर कामाला बाहेर जातं, याचा एक कागदही त्या चार्जमध्ये नसतो. ते सगळं आधीच्या सरांच्या डोक्यात होतं आणि त्यांच्याबरोबरच गेलं. नवा माणूस जून अखेरीला येतो, विदर्भात शाळाच तेव्हा उघडतात, आणि दिवाळीपर्यंत मुलं ओळखण्यात जातात.

मी पाहिलेले खरे चांगले मुख्याध्यापक भिंतींपासून सुरुवात करत नाहीत. ते पहिलीचा वर्ग शाळेतल्या सगळ्यात तयार शिक्षकाकडे देतात. आपल्याकडे बहुधा उलट होतं. तयार माणूस नवोदय आणि शिष्यवृत्तीच्या मुलांना, आणि पहिली उरलेल्याच्या वाट्याला. कापूस वेचणीच्या दिवसांत सहावी-सातवीच्या मुली धाकटं भावंड सांभाळायला घरी राहतात. असा मुख्याध्यापक गैरहजेरी मांडून थांबत नाही. अंगणवाडी जवळ असेल तर ताईंशी बोलून भावंडाला तिथे बसवतो आणि मुलीला वर्गात आणतो. अशा गोष्टी शाळेची रीत झाल्या तर बदलीनंतरही टिकतात. रंग दोन पावसाळ्यांत उडतो.

तुमचं मत सांगा. विरोधी असेल तर जास्त बरं.

दोनशिक्षकी

विरोधीच आहे. तुम्ही "मुख्याध्यापक" हा शब्द वापरता तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे कोण आहे? शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीत १५० च्या वर मुलं असतील तरच मुख्याध्यापकाचं वेगळं पद. सहावी ते आठवीला १०० च्या वर. ६० पर्यंत पट असेल तर दोन शिक्षक, बस. आमच्या भागात किती शाळांचा पट १५० आहे? बाकी सगळीकडे "प्रभारी". म्हणजे माझ्यासारखा वर्गशिक्षक, ज्याच्याकडे दोन वर्ग आहेतच, वर मुख्याध्यापकाची सगळी कामं.

सकाळी आल्यावर आधी तांदूळ मोजून द्यायचा, आहाराची माहिती मोबाईलवर भरायची, यू-डायसवर शाळेची माहिती, आधार जुळवणी, गटसाधन केंद्रातून "आजच पाठवा" म्हणून निरोप. वरून बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम. कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढ्याच बिगरशैक्षणिक कामांची मुभा आहे. प्रत्यक्षात काय चालतं ते या धाग्यावरच्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. सोबतचा शिक्षक प्रशिक्षणाला गेला की पहिली ते चौथी एका माणसाच्या गळ्यात.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान १० हजार रुपये. त्यात विजेचं बिल, खडू, दुरुस्ती, झाडू, सगळं. अशा माणसाला पद नाही, भत्ता नाही, सहकारी निवडायचा अधिकार नाही, आणि तुम्ही वर म्हणता की बदलीनंतरही शाळा उभी ठेव, नाहीतर तुला उत्तम म्हणणार नाही. हा निकष वरच्यांना लावा. पद भरलं का, दुसरा शिक्षक दिला का, हे आधी विचारा.

वावरवाला

मी शाळा समितीत हावो. शिक्षण सातवी. तुमचं सगळ्यायचं वाचलं.

आमच्या गावात एक मॅडम होत्या, चांगल्या बरेच वर्षं. त्या याच्या आधी चौथीतल्या पोट्ट्याले सातबाऱ्यावरचं बापाचं नाव वाचता ये नाही. मॅडमनं एकेक लेकरू जवळ घेऊन वाचाले शिकवलं. मंग बदली झाली अन् शाळा ढिली पडली, हे खरं हाय. पण त्या वर्षांत जे लेकरं शिकले ते तर शिकलेच ना? माही पोरगी आता नर्सिंगले हाय. तिच्यापुढं जाऊन सांगा का ते उत्तम नव्हतं म्हणून.

मॅडमची बदली काय मॅडमनं केली?

कापूसपट्टा

वावरवाला भाऊ, तुमच्या मुलीच्या शिक्षणाला कोणीच कमी म्हणू शकत नाही, आणि मी म्हणतही नाही. माझा प्रश्न तिच्या मागून आलेल्या मुलांचा आहे. ज्या वर्षी मॅडम गेल्या त्या वर्षी जे लेकरू पहिलीत होतं, त्याचा काय दोष? मॅडम ज्या रीतीनं एकेका मुलाला वाचायला शिकवत होत्या ती रीत दुसऱ्या शिक्षकांनी उचलली असती, तुमच्या समितीनं नव्या सरांना ती विचारली असती, तर? मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या असर पाहणीच्या २०२४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या पाचवीच्या फक्त ४४.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. निम्म्याहून जास्त मुलं मागे असताना एकट्यादुकट्या चांगल्या माणसाच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं, हे मला पटत नाही.

दोनशिक्षकी, तुमचा प्रत्येक मुद्दा खरा आहे. पण पद भरेपर्यंत मुलं थांबत नाहीत. ती दर जूनला एकेक इयत्ता पुढे सरकतात.

धारणीहून

मेळघाटातून लिहितो. इथे तुमच्या दोघांच्या चर्चेत एक गोष्ट येतच नाही, ती म्हणजे भाषा. पहिलीत येणारं कोरकू लेकरू मराठी ऐकतं ते शाळेतच. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. भाषा येत नसलेला शिक्षक "बस", "उठ", "पाणी" एवढ्यावर वर्ष काढतो आणि शेवटी पोरं मठ्ठ आहेत असं लिहून देतो. ती पोरं मठ्ठ नाहीत. जंगलातली किती झाडं त्यांना नावानं माहीत आहेत ते त्यांच्या भाषेत विचारून बघा.

इथे चांगला मुख्याध्यापक मी त्याला म्हणतो जो पहिले काही महिने पहिलीच्या वर्गात स्वयंपाकीण ताईला किंवा गावातल्या शिकलेल्या पोराला सोबत बसवतो, शब्द विचारून घेतो, फळ्यावर दोन्ही भाषांत लिहितो. दिवाळीनंतर घरंच्या घरं कामाला बाहेर जातात आणि होळीला परततात. होळी हा इथला सगळ्यात मोठा सण. जाताना मुलाच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्यायचं, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेत त्याला बसवून घेतील, अशी सोय सरकारनं केली आहे. ते पत्रक देण्याआधी आजी-आजोबांकडे मूल ठेवता येतं का हे घरोघरी जाऊन बोलणारा माणूस वेगळा.

पण २०२१ च्या बदली धोरणात अवघड, म्हणजे दुर्गम, क्षेत्रात ३ वर्षं झाली की बदलीचा अधिकार मिळतो. भाषा तोंडात बसायला लागते तेव्हाच अर्ज भरायची वेळ येते. म्हणून मी धागाकर्त्याच्या विरोधात आहे. मुख्याध्यापक गेल्यावर शाळा पडते याचं कारण त्याच्या नेतृत्वातली कमतरता नाही, ३ वर्षांचा नियम आहे. मेळघाट आणि गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्लीसाठी वेगळी भरती करा. कोरकू, माडिया, गोंडी घरात बोलणारी डीएड झालेली मुलं आहेत, त्यांना घ्या. ती कुठे जाणार नाहीत.

शिक्षिका, वर्धा जिल्हा

धारणीहून, स्थानिक भरतीबद्दल पूर्ण सहमत. पण ३ वर्षांनी बदली मागणाऱ्याला चोरासारखं बघू नका. मी अवघड क्षेत्रात नोकरी केली आहे. लहान बाळ घेऊन, रात्री ताप आला तर दवाखाना कुठे, पावसाळ्यात नाल्याला पूर असला तर जायचं कसं, हे सगळं बाईच्या वाट्याला जास्त येतं. तो अधिकार काढला तर तिथे जायला कोणी तयार होणार नाही.

तेच "मुख्यालयी राहा", म्हणजे शाळेच्याच गावात राहा, या मागणीचं. दर वर्षी ग्रामसभेचा ठराव मागतात. ज्या गावात भाड्यानं द्यायला एक पक्की खोली नाही तिथे राहायचं कुठे? अपडाऊन करणारी शिक्षिका वाईट आणि गावात राहणारा शिक्षक चांगला, हे गणित मला मान्य नाही. वर्गातल्या साडेपाच-सहा तासांत काय होतं ते बघा.

धागाकर्त्याशी माझा वाद वेगळा आहे. तुम्ही म्हणता रीत टिकली पाहिजे. माझ्या एका शाळेत आधीच्या सरांनी खरोखर सुंदर नोंदी ठेवल्या होत्या, मुलागणिक. नव्या मुख्याध्यापकांनी ती वही कपाटात ठेवली, कारण वरून नव्या उपक्रमाचं नवं कोष्टक आलं होतं. २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र, मग निपुण, मग माझी शाळा सुंदर शाळा, प्रत्येकाच्या नोंदी वेगळ्या. टिकवायची जबाबदारी जाणाऱ्यावर टाकता, येणाऱ्यावर का नाही?

निवृत्त केंद्रप्रमुख

हा वाद आजचा नाही. अमेरिकेत १९६६ साली कोलमन अहवाल आला आणि त्यातून लोकांनी असा अर्थ घेतला की मुलाचं शिकणं घरच्या परिस्थितीवर ठरतं, शाळेचा वाटा थोडा. तेरा वर्षांनी, १९७९ मध्ये, रॉन एडमंड्स यांनी गरीब वस्त्यांतल्या पण उत्तम चाललेल्या शाळांकडे बोट दाखवलं. खंबीर मुख्याध्यापक, प्रत्येक मूल शिकेल ही अपेक्षा, आणि मुलाची प्रगती वारंवार तपासणं, हे त्यांना तिथे दिसलं. दोनशिक्षकी कोलमनच्या बाजूला झुकतात, धागाकर्ता एडमंड्सच्या.

माझ्या केंद्रात, म्हणजे माझ्याकडे देखरेखीला असलेल्या शाळांत, मी जे पाहिलं ते सांगतो. एकाच तालुक्यात, एकाच कोरडवाहू जमिनीवर, सारख्याच दोनशिक्षकी शाळा. एकीत तिसरीची मुलं गोष्टीची पुस्तकं वाचतात, दुसरीत फळ्यावरचं उतरवून काढतात. घरची परिस्थिती सारखी, अनुदान सारखं. फरक माणसाचाच होता. म्हणून "पद नाही" यानं सगळं उत्तर मिळत नाही.

हेमलकशाचं उदाहरण कोणीतरी देईलच म्हणून आधीच बोलतो. आमटे कुटुंबाचा तिथला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ चा, तिथली शाळा १९७६ ची. ती टिकली कारण माणसं जन्मभर तिथे राहिली. जिल्हा परिषदेच्या नोकरीत ते होत नाही, आणि कोणाकडून मागूही नये. जिथे माणूस थांबणार नाही हे ठाऊक आहे, तिथे त्याची रीत थांबवावी लागते. या मुद्द्यावर मी धागाकर्त्याच्या बाजूनं आहे. शिक्षिका ताईंचा प्रश्नही बरोबर आहे. येणाऱ्याला ती वही उघडायला कोण लावणार? केंद्रप्रमुखानं लावायला हवी. पण केंद्रप्रमुखांच्या जागाच वर्षानुवर्षं रिकाम्या, एकाकडे दोन-दोन केंद्रं.

दोनशिक्षकी

सर, फरक माणसाचा होता हे मान्य. पण त्या चांगल्या माणसाची किंमत कोण मोजतं? तो रात्री दहापर्यंत ऑनलाइन माहिती भरतो म्हणून दिवसा त्याला शिकवायला वेळ मिळतो. असं एखादं वर्ष चालतं. नंतर एक तर तो शिकवणं सोडतो किंवा आजारी पडतो. एका शाळेत जमलं म्हणून सगळीकडे जमायला पाहिजे असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हातात तुम्ही आयतं हत्यार देताय.

कापूसपट्टा

तो धोका मला दिसतो, म्हणून मागणी अगदी छोटी ठेवतो. शिक्षकांच्या पुढच्या बैठकीत, शिक्षण परिषदेत, मी मांडणार आहे की चार्ज देताना वर्गागणिक एक पान जोडावं. मुलाचं नाव, वाचन कुठवर, गणित कुठवर, घर कधी बाहेर जातं, घरची भाषा कोणती. कोष्टक नाही, पोर्टल नाही, हातानं लिहिलेलं पान. येणाऱ्यानं शाळा व्यवस्थापन समितीसमोर त्यावर सही करायची. कायद्यानं त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बाया असतात. केंद्रप्रमुखाची जागा रिकामी असली तरी समिती गावातच असते, तिची बदली होत नाही.

धारणीहून

घरची भाषा हा रकाना ठेवला, त्याबद्दल आभार. आमच्याकडे हे पान मी या वर्षीच करून बघतो. ३ वर्षांच्या नियमावरचं माझं मत मात्र तेच आहे.

वावरवाला

पान करा, चांगलं हाय. पण नुसती सही घेऊ नका. बैठकीत आम्ही येतो, रजिस्टर पुढं करता, आम्ही अंगठा नाहीतर सही करतो अन् निंगतो. समितीतल्या अर्ध्या बायायले वाचता ये नाही. ते पान मोठ्यानं वाचून दाखवा, पण लेकराचं नाव सगळ्यायपुढं नका घेऊ, ज्याचं त्याच्या मायले सांगा. मंग नवीन मास्तरले आम्ही दिवाळीले विचारू का त्या पानावरचं कोन्तं लेकरू पुढं सरकलं.

दोनशिक्षकी

विचारा, नक्की विचारा. फक्त त्याच बैठकीत दुसऱ्या शिक्षकाच्या मागणीचा ठरावही घ्या आणि समितीच्या सह्यांनिशी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. तो ठराव पानासोबत जोडणार असाल तर माझ्या शाळेचं पान मी उद्यापासून लिहायला घेतो. नुसतं पान मागणार असाल तर मी शिक्षण परिषदेत विरोध करेन.