क्रांतीच्या कथेत उमरावच का मरतात?

खडूस_वाचक: "फ्रेंच राज्यक्रांतीवर लघुकथा लिहायला एक उमराव, एक भुकेली पोर आणि गिलोटिन पुरतं," अशी पोस्ट काल आली. वाहवाही झाली. म्हणून हे लांबण. दहशतीच्या काळात, म्हणजे १७९३-९४ मध्ये क्रांतिसरकारने विरोधकांना संपवलं तेव्हा, रीतसर देहदंड झालेले साधारण १७,००० लोक. त्यांत उमराव जेमतेम ८ टक्के. शेतकरी आणि कष्टकरी मिळून निम्म्याहून जास्त. २५ एप्रिल १७९२ ला गिलोटिनखाली गेलेली पहिली मान तर वाटमाऱ्याची. तुमच्या कथांत मात्र गिलोटिनकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीत रेशमी झगेच.

शब्दवेल्हाळ: पोस्ट माझीच. दोन हजार शब्दांत जनगणना करायची का? झगा दिसला की वर्ग कळतो, काम झालं.

पळीपंचपात्र: झग्यापेक्षा पाव दाखवा. १७८९ च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये चार पौंडी पाव, म्हणजे जवळपास दोन किलोचा, साडेचौदा सूंना (सू म्हणजे तिथलं चिल्लर नाणं). गवंड्याला दिवसाचे समजा २५ सू. पाव घेतल्यावर हातात उरले साडेदहा. त्यात खोलीचं भाडं, सरपण, दारू. रविवारी मजुरी नाही, पोट आहेच. बायको पाव उलटा करून तळ करपलाय का बघते, दुकानदार नजर चुकवतो. एवढ्या प्रसंगात वर्ग आला. "भुकेली पोर" म्हणून काहीच येत नाही.

आणि जुनं दुखणं: ब्रिटनीतला, म्हणजे फ्रान्सच्या पश्चिम टोकाचा, शेतकरी "म्या काय म्हंतो मालक" का म्हणतो? ब्रिटनी पन्हाळ्याच्या पायथ्याशी आहे का?

रानवारा: मग प्रमाण मराठीत वकिलासारखा बोलवू? क्रांतिकाळातला खासदार-धर्मगुरू ग्रेग्वार, त्याचा १७९४ चा भाषांवरचा अहवाल सांगतो, किमान ६० लाख लोकांना फ्रेंच येतच नव्हती. शेतकऱ्याची भाषा वेगळी होती, हेच दाखवतो आम्ही.

पळीपंचपात्र: वेगळी भाषा आणि गावंढळ भाषा यांत फरक आहे, महाशय. ब्रेतों, म्हणजे ब्रिटनीची भाषा, ही फ्रेंचची अशुद्ध आवृत्ती नव्हे. तुम्ही मात्र "न" ला "ण" आणि "ण" ला "न" केलं की झाला शेतकरी! विनोदी नाटकातला गडी आणि तुमचा क्रांतिकारक एकच.

रानवारा: बोलीला गावंढळ तुम्ही म्हणालात, मी नाही. पुण्याची पेठ बोलली!

खडूस_वाचक: भांडण थांबवा, सर्वनामं वापरा. १७९३ च्या शरदात सगळ्यांना "तू" म्हणायचा आग्रह सुरू झाला. कोचमन मालकाला "तू, नागरिक" म्हणतो, मालक घाबरून त्याला "आपण" म्हणतो. मराठीत तू-तुम्ही-आपण अशा तीन पायऱ्या आयत्या आहेत, आणि तुम्ही ण-न करत बसलाय.

रानवारा: हे बरं आहे. पेठेतून आलं तरी.

शब्दवेल्हाळ: म्हणजे खलनायक कोण? उमराव काढला तर संघर्ष संपला.

खडूस_वाचक: सुरू होतो. "साँ-क्युलॉत", म्हणजे पॅरिसमधले कट्टर क्रांतिवादी सामान्यजन, सगळे कंगाल नव्हेत. बरेच स्वतःचं दुकान किंवा कारखाना असलेले. सुतारमालक आणि त्याचा कारागीर एकाच सभेत, क्रांतीची खूण असलेल्या एकाच लाल टोपीत. १७९१ च्या ल शापलिए कायद्याने कारागिरांच्या एकजुटीवर बंदी, तेव्हा मालक खूश. सप्टेंबर १७९३ च्या कायद्याने भावांबरोबर मजुरीलाही कमाल मर्यादा. कारागिराला पाव स्वस्त हवाय, मजुरी बांधलेली नकोय. मालकाला उलट. दोघांत रंधा एकच. घ्या संघर्ष.

शब्दवेल्हाळ: ठीक, सुतार घेतो. पण शेवटी गिलोटिन ठेवणार.

पळीपंचपात्र: ठेवा. तिची चौकट तरी त्या सुतारालाच करू द्या.