मंजुरी म्हणजे हातात पैसे नव्हेत
अनुदान मंजूर झालं की लगेच शेतावरच्या शेडचं काम काढणार, असं तुम्ही म्हणता. कळकळीने सांगतो, आधी अटी नीट वाचा. बरीच अनुदानं आधी खर्च, मग पडताळणी, मग रक्कम अशी चालतात. शिवाय मंजुरीच्या आधीच्या तारखेची बिलं अनेक योजनांत धरतच नाहीत. म्हणजे अनुदानाबाहेरचा स्वतःचा हिस्सा तर हवाच, वर मधल्या काळासाठी पूर्ण खर्चाची सोयही हवी.

त्यासाठी 12 महिन्यांचा तक्ता करा: सुरुवातीची शिल्लक, येणारे पैसे, जाणारे पैसे, उरलेली शिल्लक. ज्या महिन्यात शिल्लक सर्वांत खाली, उण्यात जाते, त्या महिन्यातल्या उण्या आकड्याइतकं तुमचं खेळतं भांडवल, म्हणजे रोजच्या खर्चासाठी हाताशी लागणारा पैसा, कमी पडतंय. वर्षाअखेरचा नफा पाहून हे कळत नाही, कारण खर्च पेरणीला होतो आणि पैसे विक्रीनंतर येतात.

आणि शेडसाठी हंगामी पीककर्ज वळवू नका. वीसेक वर्षं टिकणाऱ्या वस्तूचा हप्ता एकाच हंगामावर टाकला, तर भाव पडला की पुढच्या बियाण्यालाच पैसे उरत नाहीत. त्याला मुदत कर्जच, म्हणजे काही वर्षांत हप्त्यांनी फेडायचं कर्ज, घ्या. पिकानुसार हिशेब मांडताना घरच्यांची मजुरीही धरा, हे मात्र बहुतेकांकडून राहून जातं.