एक तरी अल्को धावती ठेवा

नॉच आठ:
परवा ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनवर पनवेलच्या गाडीची वाट बघत होतो, तेवढ्यात खडीची गाडी घेऊन एक अल्को, म्हणजे जुनं डिझेल इंजिन, आली. सिग्नल पडला, ड्रायव्हरनं नॉच (इंजिनाच्या ताकदीची पायरी) वाढवला, आधी नुसता काळा धूर आणि मग छातीत घुमणारा तो आवाज. फलाटावरच्या बायकांनी पदर नाकाला लावला, मी मोबाइल काढला. (नॉच वाढवला की डिझेल लगेच जास्त येतं, पण टर्बोला (इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याला) वेग घ्यायला वेळ लागतो. तेवढा वेळ हवा कमी पडते, म्हणून धूर.)

ही इंजिनं अमेरिकेतून १९६२ मध्ये आली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. १९६४ पासून वाराणसीला बनायला लागली. मूळ अल्को कंपनी १९६९ मध्ये बंद पडली, तरी आपण तेच इंजिन सुधारत ३१०० आणि पुढे ३३०० अश्वशक्तीपर्यंत नेलं. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली आणि २०२२ मध्ये पूर्ण मार्गावर वीज आली. मधली चोवीस वर्षं मांडवी, कोकणकन्या सगळ्या डिझेलवरच चालल्या. आता अल्को भंगारात निघतायत. माझं म्हणणं एवढंच, की एक इंजिन चालू स्थितीत ठेवा आणि महिन्यातून एका रविवारी दिवा ते पेण फेरी काढा, तिकीट लावून. हरियाणात रेवाडीला वाफेची इंजिनं जपली, मग डिझेलनं काय घोडं मारलंय?

लटकलेला दिवेकर:
त्या पदरवाल्या बायकांत माझी बायको असू शकते, एवढं लक्षात ठेवा.

९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतली माणसं एकमेकांना घासून खाली पडली आणि मेली. त्याच गर्दीच्या वेळी मीही रोज त्या वळणावरून जातो. दिव्यात जलद लोकल थांबायला डिसेंबर २०१६ उजाडला, तोही २ जानेवारी २०१५ ला लोकांचा भडका उडाल्यानंतर. दिव्यातून सुटणारी एक सीएसएमटी लोकल मागून मागून आमचे घसे बसले. आणि तुम्ही मागताय काय, तर धुराची सहल!

भावना राहू द्या बाजूला. दिवा-पनवेल मार्गावर जेएनपीटी बंदराची मालगाडी आहे, कोकणच्या गाड्या आहेत. वसई-दिवा-पनवेल मेमू (विजेवरच्या पॅसेंजर गाड्या) वाढवा म्हटलं की मार्ग मोकळा नाही असं सांगतात. मग तुमच्या रविवारच्या फेरीला तो मोकळा कुठून होणार?

नॉच आठ:
अहो, रविवारी आणि भर दुपारी म्हणतोय मी. त्या वेळेला कुठली लोकल अडणार आहे? आणि ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ पर्यंत रखडली ती काय छंदी लोकांनी पैसे खाल्ले म्हणून?

लटकलेला दिवेकर:
नाही. पण दरवेळी निवेदन द्यायला जातो तेव्हा तुमच्यातला एकही तिथे नसतो. कॅमेरे घेऊन घाटात उभे असतात सगळे.

रत्नांग्री पॅसेंजर:
दोघंही आपलंच दळतायत, मधल्यांचं काय? रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरपर्यंत यायची. करोनानंतर दिव्यालाच संपवायला लागले. म्हणजे आंब्याच्या पेट्या, फणस, म्हातारी आई, सगळं दिव्याला उतरवायचं आणि पूल चढून लोकलमध्ये कोंबायचं. दिवेकर आमच्यावर डाफरतात, आम्ही त्यांच्या पायावर पेटी ठेवतो. वीज आली, धूर गेला, बरं झालं. पण गाडी दादरहून दिव्याला मागे आली ती डिझेलमुळे नव्हे आणि विजेनंही ती परत नेली नाही.

बाकी नॉच आठ, पावसाळ्यात पहाटे रत्नागिरीजवळच्या करबुड्याच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर येणारा तो आवाज आठवतो. खोटं कशाला बोलू.

शेडातला:
एका डिझेल शेडात बत्तीस वर्षं फिटर होतो. मला त्या आवाजाचं कौतुक नाही, उजव्या कानानं कमी ऐकू येतं.

इंजिन चालू ठेवणं म्हणजे रंग मारून उभं करणं नव्हे. गार पडलेली अल्को पहाटे सुरू करायची तर बॅटरी तंदुरुस्त लागते. म्हणून आम्ही बंदच करायचो नाही, रात्रभर धकधकत ठेवायचो, डिझेल जळत राहायचं. महिनाभर उभ्या इंजिनात पाणी झिरपलंय का ते आधी कॉक उघडून बघावं लागतं, नाहीतर पिस्टन-कनेक्टिंग रॉडचं वाटोळं. सुटे भाग कोण देणार? आणि हातानं ओळखणारी माणसं निवृत्त झाली. त्यापेक्षा २०२० मध्ये दहा आणि २०२३ मध्ये वीस इंजिनं बांगलादेशला दिली, ते पटलं मला. तिकडे कामाला तरी लागली. तुम्हाला बघायचीच असेल तर एक चौथऱ्यावर ठेवा, सीएसएमटीला सर लेस्ली विल्सन नावाचं जुनं विजेचं इंजिन उभं आहे तसं.

नॉच आठ:
चौथऱ्यावरचं इंजिन म्हणजे पेंढा भरलेला वाघ, काका. पण पाण्याचा मुद्दा मान्य, तो मी धरला नव्हता.

दिवेकर, तुमचा टोला लागला. माझ्याकडे इंजिनांचे सहा हजार फोटो असतील, दिव्याच्या गर्दीचा एकही नाही. मात्र एक वही आहे. दिव्याचं रेल्वे फाटक रस्त्यावरच्या गाड्यांसाठी किती वेळा उघडं राहिलं आणि त्यापायी कुठली लोकल किती मिनिटं खोळंबली, हे मी आठ महिने लिहीत होतो. मालगाडीचं इंजिन कुठल्या शेडचं तेही त्यातच आहे.

लटकलेला दिवेकर:
आठ महिने? आणि आम्ही पुढच्या निवेदनात "वारंवार" असा शब्द टाकून बसलोय! शेडचा रकाना खोडा आणि वही घेऊन शनिवारी तिकीट खिडकीपाशी या. सहलीला माझा विरोध तसाच आहे.

नॉच आठ:
येतो. रकाना खोडणार नाही.